खापर, म्होरकी आणि केरसुणी : मोसम खोऱ्यातले हातकाम

नामपूर हे नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातले मोसम नदीकाठचे बाजाराचे गाव. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांकडून उतरणारी मोसम हरणबारी धरणातून पुढे येते, नामपूरवरून मालेगावला जाते आणि तिथे गिरणेला मिळते. जिल्हा नाशिक असला तरी इथली बोली अहिराणी आणि सणवार खानदेशी. खोऱ्याच्या वरच्या अंगाला कोकणा आणि भिल्ल वस्त्या, खालच्या अंगाला मालेगावचे माग, मध्ये काळ्या जमिनीतली बागायत. नामपूर परिसरातल्या हातकामावर या तिन्हींची छाप आहे.

गावातल्या हाताने घडवलेल्या वस्तूंचे साधारण दोन वर्ग पडतात. काही वस्तू रोजच्या कामाला लागत: मोट, नाडा, कणगी, लाकडी तिफण, वखर. काही वस्तू सणाला लागत: मांड्यांचे खापर, पोळ्याला बैलाच्या तोंडाला बांधायची दोराची म्होरकी, लक्ष्मीपूजनाची केरसुणी, अक्षय्य तृतीयेची घागर. गेल्या साठ-सत्तर वर्षांत पहिल्या वर्गातल्या बहुतेक वस्तू नाहीशा झाल्या. दुसऱ्या वर्गातल्या बऱ्याच टिकून आहेत, कारण त्यांच्यावाचून तो दिवस साजरा झाला असे घरातल्या बाईला वाटत नाही. कारागिराला आधार मिळाला तो पंचांगाचा, हे मोसम खोऱ्यात स्पष्ट दिसते.

पूर्वी हा सारा व्यवहार बलुत्यावर चाले. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार यांनी वर्षभर शेतकऱ्याची कामे करायची आणि सुगीत खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा घ्यायचा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात या व्यवस्थेचे बारकाईने केलेले वर्णन आहे, आणि तिच्यातल्या कुरबुरीही आहेत. कनिष्ठ गाव वतने रद्द करणाऱ्या १९५८च्या कायद्याने गावकीची वतने गेली. सुतार-कुंभाराचे बलुते मात्र कायद्याने मोडले नाही. रोख पैसा, कारखान्याचा माल आणि विजेचा पंप यांनी ते हळूहळू निकामी केले. नाते सुटले तरी सणाची मागणी राहिली, आणि ती आता बाजारातून भागते.

कुंभाराचे वर्ष होळीनंतर खऱ्या अर्थाने सुरू होते. त्याचे कारण साधे आहे. भाजण्याआधी भांडे पूर्ण वाळावे लागते. थोडी ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन ते फुटते. म्हणून पावसाळ्यात चाक जवळपास थांबते आणि ऊन तापले की गती घेते. नदी-नाल्याची गाळमाती चाळून भिजवतात, तिच्यात राख आणि घोड्या-गाढवाची लीद मिसळून पायाने तुडवतात. भट्टीत लीद जळून जाते आणि मातीत बारीक छिद्रे राहतात. माठातले पाणी त्या छिद्रांतून झिरपते, बाहेर वाळते आणि वाळताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. चकचकीत रंग दिलेला माठ पाणी गार का करत नाही, याचे उत्तर इथे आहे: रंगाने छिद्रे बुजतात.

चाकावरून उतरलेले भांडे तयार नसते. ते जाड आणि आखूड असते. थोडे सुकल्यावर आतून गोटा धरायचा, बाहेरून लाकडी थापीने ठोकायचे, आणि ठोकत ठोकत पोट फुगवून भिंत पातळ करायची. कुंभाराची कसोटी चाकापेक्षा या ठोकण्यात आहे. आवाज बदलला की भिंत किती पातळ झाली ते त्याला कळते. मग गोवऱ्या, भुसा, काटक्या यांच्या थरांत भांडी रचून वर राखेचे पांघरूण घालतात आणि भट्टी पेटवतात.

या मातीची सर्वांत कठीण परीक्षा खापराची. खानदेशात पुरणपोळी तव्यावर होते तशी खापरावरही होते, आणि खापरावरच्या पोळीला मांडा म्हणतात. खापर म्हणजे पसरट, पोटाला फुगीर मातीचे भांडे. ते चुलीवर पालथे घालतात आणि त्याच्या पाठीवर पोळी भाजतात. थेट ज्वाळेवर तापायचे आणि तडकायचे नाही, म्हणून त्याची माती, जाडी, भाजणी सगळे नेमके असावे लागते. चांगले खापर मिळाले की घरातली बाई ते वर्षानुवर्षे जपते आणि शेजारणीला द्यायचे तर दहा वेळा बजावून देते.

मांड्याची तयारी आदल्या दिवशी सुरू होते. गहू ओलवून ठेवतात, दळतात, पीठ फडक्याने वस्त्रगाळ करतात. ही कणीक पाणी आणि तेल लावत इतकी तिंबतात की ती धरून ओढली तर दोरीसारखी लांबते. हरभऱ्याची डाळ आणि गूळ शिजवून वाटलेले पुरण कणकेत भरायचे, उंडा पोळपाटावर थोडा लाटायचा आणि मग हातावर घ्यायचा. इथून पुढे लाटणे नाही. बाई मांडा एका हातावरून दुसऱ्या हातावर झुलवते, मनगटावरून कोपरापर्यंत नेते, आणि तो स्वतःच्या वजनाने पसरत जातो. आतले पुरण बाहेरून दिसू लागले, कडा पदरासारख्या पातळ झाल्या की एका झोक्यात तो खापरावर टाकतात. चुलीत कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ असतो. मांडा भाजायला फार वेळ लागत नाही, पण तेवढ्यात जाळ कमी-जास्त झाला तर तो करपतो किंवा फाटतो. उतरवला की गरम असतानाच घडी घालायची, गार झाल्यावर घडीच्या कडा मोडतात. शिकणाऱ्या मुलीचे पहिले काही मांडे हातातच फाटतात आणि त्यांचा गोळा होऊन पुन्हा परातीत जातो. लेखी कृती वाचून ही कला येत नाही. दंडावर त्या कणकेचे वजन पडावे लागते.

मांड्यांचा मोठा मान आखाजीला. अक्षय्य तृतीयेला अहिराणीत आखाजी म्हणतात, आणि खानदेशात तिचे महत्त्व दिवाळीच्या बरोबरीचे. शेतकरी या वेळी मोकळा असतो, सालगड्यांचे जुने साल संपून नवे ठरते, आंबा हाती आलेला असतो, आणि सासरच्या मुली माहेरी येतात. पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली मातीची नवी घागर पुजतात. तिच्यावर लहान भांडे, आंबा, सांजोरी ठेवतात. या दिवसाच्या आधी कुंभाराकडे जी गर्दी होते ती त्याच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग असते. घरात आमरस-मांड्याचे जेवण होते. गावाबाहेर निंबाच्या फांदीला जाड दोराचे झोके बांधतात, सासुरवाशिणी उंच झोके घेतात आणि गौराईची गाणी म्हणतात. गौराई म्हणजे माहेरी आलेली पार्वती. तिची रंगवलेली लाकडी मूर्ती सुताराच्या हातची असे. गाण्यांत भाऊ, वाटेवरचे ऊन, सासूचा स्वभाव, सगळे येते. लाकडी मूर्ती, मातीची घागर, अंबाडीचा दोर आणि बाईचा आवाज, एका दिवसासाठी इतके कारागीर कामाला लागत.

याच उन्हात अंगणाअंगणांत वाळवणे सुरू असतात. ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया, नागलीचे पापड. हे काम एकटीने होत नाही. ज्वारीचे पीठ मोठ्या पातेल्यात शिजवून घोटायला दोघी लागतात, खाटेवरच्या फडक्यावर पातळ थापायला चौघी. म्हणून पाळी ठरते: आज हिच्या घरी, उद्या तिच्या. मजुरीचा हिशेब कोणी मांडत नाही, पण कोणाच्या अंगणात कोण आले आणि कोण आले नाही हे पुढच्या वर्षापर्यंत लक्षात राहते. नागलीचे पापड तर आज बचत गटांचे ठरलेले उत्पादन झाले आहे आणि प्रदर्शनांतून खपते.

वाळवणे उरकली की गोधडी. या भागातल्या गोधडीचा धागा मालेगावच्या मागावरून येतो. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगावात हातमाग रोवले. तिथली रंगीत नऊवारी लुगडी या खोऱ्यातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या नेसली. लुगडे विरले की त्याची गोधडी होई. खाली एक लुगडे, मध्ये जुन्या कपड्यांचे तुकडे, वर दुसरे लुगडे. चारी बाजू ताणून कडेपासून सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन करत मध्याकडे यायचे. साधा धावदोराच, पण ओळी समांतर आणि टाके सारखे ठेवायला डोळा लागतो. हे टाके केवळ शोभेचे नाहीत. आतले तुकडे सरकून गोळा होऊ नयेत म्हणून ते जवळजवळ घ्यावे लागतात, आणि थरांमध्ये अडकलेली हवाच माघ महिन्याच्या थंडीत ऊब देते. आजीच्या लुगड्याची किनार ओळखणारी नातवंडे अजून आहेत. सुती लुगडी कमी झाली तेव्हा गोधडीचा पोत बदलला. नायलॉनच्या साड्यांची गोधडी लवकर फाटत नाही, पण ती अंगाला धरत नाही आणि घाम टिपत नाही.

मृगाच्या तोंडावर भर सुतार-लोहारांकडे जाई. तिफणीची चाडी बसवणे, वखराची पास शेवटून घेणे, म्हणजे झिजलेले पाते तापवून ठोकून पुन्हा धारेला आणणे, अशी कामे भाता फुंकत रात्रीपर्यंत चालत. ट्रॅक्टरने ही गर्दी संपवली. लोहाराचा भाता अजून काही ठिकाणी चालतो तो विळे, खुरपी आणि कुऱ्हाडींसाठी, आणि त्यातही कांदा कापायच्या विळ्याला मागणी मोठी.

याच काळात खोऱ्यात एक सामूहिक काम होई, ज्याची दखल हस्तकलेच्या पुस्तकांत घेतली जात नाही. खरे तर ती घ्यायला हवी. मोसम, आरम, गिरणा, पांझरा या नद्यांवर काही शतके चालत आलेली फड पद्धत आहे. नदीवर दगडी बंधारा घालून पाणी पाटात वळवायचे, पाटाखालची जमीन फडांत वाटायची, एका फडात सगळ्यांनी एकाच प्रकारचे पीक घ्यायचे आणि दरवर्षी पिकांचे फड बदलायचे. एकाने ऊस आणि शेजाऱ्याने बाजरी लावली असे चालत नाही, कारण पाण्याची पाळी मोडते. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागले, त्यांना मेहनताना शेतकऱ्यांकडून. पावसाळ्याआधी पाटातला गाळ काढणे आणि बंधाऱ्याची डागडुजी करणे हे सर्वांचे काम. हाताने घडवलेली आणि दरवर्षी हाताने दुरुस्त केलेली वस्तू म्हणून पाहिले तर पाट हीच या खोऱ्याची सर्वांत मोठी कारागिरी आहे. विहिरींचे पंप आणि धरणाचे कालवे आल्यापासून फडांचा जोर ओसरला, आणि त्याबरोबर एकत्र बसून पीक ठरवण्याची सवयही.

श्रावणात कानबाई येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी भाऊबंदकीतल्या एका घरी तिची स्थापना होते. घर सारवून-रंगवून घेतात. नारळाला नथ, डोळे, कुंकू आणि दागिने घालून देवीचे रूप देतात आणि चौरंगावर कलशावर बसवतात. नोकरीसाठी सुरतेला, पुण्याला, मुंबईला गेलेले भाऊबंद या रविवारी गावात हजर राहतात. रोट म्हणजे कानबाईचा नैवेद्य. त्यासाठी प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात आणि ते दळून भाऊबंदांपुरताच स्वयंपाक करतात. गंगाफळाची भाजी, खीर, पुरणाची पोळी. रात्र गाण्यांनी जागते आणि सोमवारी वाजतगाजत कानबाईला नदीवर नेतात. कानबाईत देवळाची किंवा मूर्तिकाराची गरज नाही. नारळातून चेहरा उभा करणे ही घरातल्या बायकांचीच कला, आणि प्रत्येक भाऊबंदकीची कानबाई वेगळी दिसते ती त्यामुळेच.

श्रावणी अमावास्येचा पोळा हा दोरकामाचा सण. अंबाडीची खोडे पाण्यात काही दिवस कुजत ठेवायची, साल सोलून धुवायची, वाळवायची. त्याचा जो धागा निघतो तो वाख. वाखाला पीळ देऊन एकेक पेड तयार करायचा आणि तीन पेड उलट्या पिळाने एकत्र वळायचे. पेड एका दिशेने आणि दोर दुसऱ्या दिशेने पिळला की दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात. दोर सोडला तरी उकलत नाही, त्याचे गुपित हेच. यातून कासरा, दावे, वेसण, म्होरकी, मुस्के, शिंके, गोफण अशा नाना वस्तू होत. पोळ्याला म्होरकीला रंगीत गोंडे, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात, कारण वर्षभर जू त्याच जागी घासलेले असते. बैल उरले नाहीत अशा घरांत कुंभाराकडचे मातीचे बैल पुजले जातात. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडली: खरे बैल घटले तसे मातीचे बैल अधिक विकले जाऊ लागले. वाखाच्या दोराची जागा मात्र नायलॉनने घेतली. तो पावसात कुजत नाही आणि स्वस्त पडतो, पण बैलाचे नाक कापतो, हे जुने शेतकरी आजही बोलून दाखवतात.

दोर आणि केरसुणी ही पूर्वापार मांग समाजाची कामे. शिंदीची पाने कापून, वाळवून, चिरून, मुठीशी घट्ट बांधून केरसुणी होते. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लक्ष्मी म्हणून पाटावर ठेवतात, तिला हळद-कुंकू वाहतात. जिच्यावर हळद-कुंकू वाहायचे ती केरसुणी ज्याने बांधली त्याला मात्र गावाने शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले. या खोऱ्यातल्या हातकामाचे कौतुक करताना हे विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अनेक घरांतल्या मुलांनी बापाचा धंदा सोडला तो केवळ उत्पन्नासाठी नाही. त्या धंद्याला चिकटलेली अवहेलना मागे टाकण्यासाठीही सोडला. आता फुलझाडू आणि प्लास्टिकचे खराटे घरोघर आहेत, पण दिवाळीच्या आठवड्यात बाजारात केरसुण्यांचे ढीग लागतात आणि संपतात.

आश्विनात, दिवाळीच्या आधी, मोसमच्या वरच्या अंगाला मुल्हेर येथे कोजागरीची रासक्रीडा होते. उद्धव महाराजांच्या समाधीस्थानी चालत आलेल्या या उत्सवात बांबूचे भले मोठे चक्र बांधतात, केळीच्या पानांनी आणि फुलांनी मढवतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास रासस्तंभावर चढवतात. रात्रभर त्याखाली पदे गायली जातात. पहाटे चक्र उतरते. एका रात्रीसाठी केलेली ही रचना दरवर्षी नव्याने बांधावी लागते, म्हणून तिचे कसबही दरवर्षी हाताळले जाते.

बांबूचे रोजचे काम बुरुडांचे. सूप, टोपली, दुरडी, डालगे, पाटी. धारदार कोयत्याने बांबू उभा चिरून त्याच्या बेळ्या काढायच्या. वरच्या हिरव्या सालीची बेळ चिवट, आतली ठिसूळ, म्हणून काठाला आणि तळाला साल वापरायची. धान्याची कणगी पत्र्याच्या कोठ्यांनी संपवली. सूप राहिले, कारण लग्नात ते लागते आणि धान्य पाखडायला त्याच्यासारखे दुसरे साधन नाही. २०१७ साली वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याने ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतातला बांबू तोडून नेणे सोपे झाले.

मार्गशीर्षात खोऱ्याच्या डोंगरपट्ट्यात डोंगऱ्या देवाचा उत्सव चालतो. कोकणा आणि भिल्ल पुरुष काही दिवस व्रत पाळतात, गावोगाव फेर धरून नाचतात आणि पौर्णिमेला डोंगरातल्या देवाच्या ठाण्यावर रात्र जागवतात. या फेराला पावरी लागते. वाळवलेल्या भोपळ्यात हवा भरायची, त्याला बांबूच्या नळ्या मेणाने बसवायच्या, आणि शेवटी शिंगासारखा फाकलेला कर्णा. वाजवणारा गाल फुगवून श्वास न तोडता हवा सोडत राहतो. भोपळा कोणत्या आकाराचा निवडायचा, मेण किती गरम लावायचे हे वाजवणाऱ्यालाच ठाऊक असते, कारण बहुधा बनवणारा आणि वाजवणारा एकच असतो. याच महिन्यात सटाण्याला देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. १८७०-७१च्या दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी खुला करणाऱ्या या मामलेदारांच्या नावाची यात्रा म्हणजे आसपासच्या खेड्यांचा मोठा बाजार.

आज नामपूरची ओळख कांद्याच्या बाजार समितीने आहे, आणि नव्या काळातले एक हातकामही कांद्यानेच दिले. उन्हाळी कांदा साठवायची चाळ जमिनीपासून उचललेली, अरुंद आणि लांब. खालून आणि बाजूंनी वारा खेळावा म्हणून बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांमध्ये फटी ठेवलेल्या. वारा अडला की कांदा घाम धरतो आणि सडतो. छप्पर पूर्वी उसाच्या पाचटाचे असे, आता पत्र्याचे. पत्रा तापतो, म्हणून काही शेतकरी त्यावर पाचट अंथरतात. लागवडीला आणि काढणीला बायकांच्या टोळ्या गावोगाव फिरतात, आणि आखाजीच्या गाण्यांतली बरीच आता सरीवर वाकलेल्या या टोळ्यांतच ऐकू येतात.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, टोपल्या-केरसुण्या बनवणारे यांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. विजेवर फिरणारे चाक कुंभाराचे खांदे वाचवते. खापराची थापणी मात्र यंत्राने होत नाही, आणि ज्या घरात आखाजीला मांडे व्हायचे असतात तिथली बाई खापर घेताना बोटाने टिचकी मारून आवाज ऐकते, मगच पैसे काढते.